हँडलला बांधलेला बैल

बैल मोटारसायकलच्या हँडलला बांधलेला मी पाहिला होता. पाहिला, आणि परत कापसाच्या पऱ्हाटीच्या ओळीत वाकले. तेव्हाच तोंड उघडलं असतं तर पुढचे चार दिवस आमच्या घरावर आले नसते. पण बैल कुठं बांधावा हे सुनेनं सासऱ्याला सांगायचं, तेही आमच्या सासऱ्याला, हे जिभेपर्यंत आलंच नाही.

रविवार होता, दुपार कलत होती. बोंडअळीचं साल. बोंड वरून पाहिलं तर टवटवीत, आणि नखानं उकललं की दोन पाकळ्या कुजलेल्या, दोन पिवळ्या, मधे गुलाबी अळी घरच्यासारखी पसरलेली. असला कवडी कापूस वेचायला बाया येत नव्हत्या. एका बोंडात चार वेळा बोट घालावं तेव्हा कुठं चिमूटभर निघायचा. म्हणून वावरात आम्ही घरच्याच दोघी. मी आणि माझ्या सासूबाई पंचफुलाबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणते. तिसरी यशी, माझी लेक, दहा महिन्यांची. ती ढिगावर बसून आम्ही वेचलेलं तोंडात घालत होती. अतुलनं, माझ्या नवऱ्यानं, आम्हाला आणून सोडलं, गाडी धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, डबल स्टँडवर लावली आणि तो नाल्याकडं पाण्याचं इंजिन पाहायला गेला.

तेवढ्यात मामाजी, म्हणजे माझे सासरे नागोराव, आमच्या बैलाला, चांद्याला, चारत धुऱ्यानं आले. त्यांना पाणी प्यायचं होतं. बैल बांधायला जवळ झाड नाही, खुंटा घरी राहिलेला. त्यांनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं आणि दावं गाडीच्या हँडलला गुंडाळलं.

"मामाजी, खुंटा नाही आनला काय?" एवढं मात्र मी विचारलं.

"कायले पायजे खुंटा? तीन मनाची गाडी हाय. बैलाचा बाप आला तरी हालत नाही."

आता हे बोलणारा माणूस कोण, तर ज्याच्याकडं आसपासच्या पाच गावांतून लोक मारके बैल घेऊन येतात. वेसण घालायची, बोलवा नागोरावला. गोऱ्हा जू घेत नाही, न्या नागोरावकडं. पोळ्याच्या तोरणाखाली त्यांनी पाठीवर हात ठेवला की उधळलेला बैलही मान खाली घालतो. त्यांना मी काय सांगणार?

तांब्या तोंडाला लागला असेल नसेल, आणि बाजूच्या तुरीतून रोही, म्हणजे नीलगाईचा नर, निघाला, घोड्याएवढा, काळाभोर. चांद्यानं एकदाच मान झटकली. गाडी स्टँडवरून उतरली, आडवी झाली आणि बैलाच्या मागं वखरासारखी ओळी मोडत निघाली. मी यशीला उचललं आणि उलट्या बाजूला पळाले. पुढं दगडाच्या बांधात चाक अडकलं, तरी बैल ओढतच होता. कर्र करून काहीतरी वळलं, तेव्हा थांबला.

मामाजी धावले ते बैलाकडं. "हो रे राजा, हो, हो. नाक पाहू दे तुहं, नाक." नाकपुडीतून थोडं रक्त आलं होतं, ते त्यांनी दुपट्ट्यानं पुसलं. मग दावं सोडलं. मग, सगळ्यात शेवटी, गाडीकडं पाहिलं.

हँडल सरळ धरलं की चाक उजवीकडं बघत होतं. चाक सरळ केलं की हँडल डाव्या अंगाला. आणि डावीकडं वळवायला गेलं तर मधेच खट्कन अडायचं, जसं आत कोणी बोट घालून ठेवलंय.

अतुल आला. "काय झालं?"

"पडली," मामाजी म्हणाले.

"उभी गाडी पडली?"

"पडली म्हनलं ना एकदा."

अतुलनं मोडलेल्या ओळी पाहिल्या. हँडलच्या रबरावर अडकलेले सुताचे धागे पाहिले. मग माझ्याकडं पाहिलं. मी बैलाकडं पाहिलं. अतुलनं दोन कोस गाडी ढकलत घरी आणली, दर पाच-दहा पावलांवर चाक आपल्या मनानं वळायचं आणि हा परत उचलून सरळ करायचा. मामाजी बैल घेऊन पुढं निघून गेले. आत्याबाई मागून म्हणाल्या, "बाप्पा, बाप्पा, या घरात बैलाले शब्द हायेत, मानसाले नाही."

गाडी म्हणजे आमच्या घरी फिरायला जायची वस्तू नाही. ती आमची दुधाची लाइन आहे. माझ्या आईनं यशीच्या वेळी एक म्हैस दिली, तिच्या दुधापासून सुरुवात झाली. मग अतुल मारेगावला जातोच आहे तर आमचंही ने, असं करत गावातली अकरा घरं जोडली गेली. सकाळी साडेसहाला विहाराच्या ओट्याजवळ बाया दूध घेऊन येतात, मी मापानं मोजून घेते, दोन कॅनी गाडीच्या दोन्ही बाजूंना लागतात आणि सात-सव्वासातला मारेगावच्या चहाच्या दुकानांत दूध पोचतं. उशीर झाला तर दुकानवाला दुसऱ्याचं घेतो. कापसानं तोंड फिरवलं त्या वर्षी घरात रोज काही येत होतं ते या दोन कॅनींतून. आणि शेजारच्या गावचा बाबुलाल आपल्या मोठ्या गाडीवर चार कॅनी लावून आमच्या रस्त्यानं जायचा, जाताना विहाराजवळ हॉर्न वाजवायचा. उगाच नाही वाजवत कोणी हॉर्न.

सोमवारी अतुलनं कॅनी काळीपिवळी जीपवर नेल्या. जीपवाल्यानं आधी माणसं भरली, मग शेळ्या, मग "छतावर ठेव" म्हणाला. अतुल कॅनी धरून छतावर बसला. साडेआठला पोचला. एका दुकानदारानं घेतलं, दुसऱ्यानं कॅनीत नाक घालून मान हलवली. ते दूध परत आलं आणि आत्याबाईंनी दुपारभर चुलीसमोर बसून त्याचा खवा केला. मला खवा पाहून रडू येत होतं. यशीनं मात्र बोटं चाटली.

दुपारी अंगणात गाडी उघडायला घेतली. पुढचं चाक काढलं, दोन्ही शॉकॉब, म्हणजे शॉक अब्सॉर्बर, सोडले, हँडल मागं टाकलं, मग वरचा मोठा नट. तो सुटेना. अतुल पाना लावून लोंबकळला. मामाजी खाटेवर बसून पाहत होते.

"तेल सोड थोडं," ते हवेत बोलले.

अतुलनं ऐकलं नाही असं दाखवलं, आणि मला म्हणाला, "गोडं तेल आन वं थोडं."

असं चाललं होतं. बाप बोलला की मुलगा ते माझ्याकडून करून घ्यायचा. मुलाला काही हवं असलं तरी तेच. "दीपे, बाबाले म्हन जरा सरकून बसा म्हना." बाबा दोन हातांवर. मी कडेवर यशी, एका हातात तेलाची वाटी, मधे उभी, टेलिफोनच्या तारेसारखी.

नट सुटला तसा चिमटा, म्हणजे पुढच्या चाकाला धरणारा सगळा सांगाडा, धाडकन खाली आला आणि गाडीच्या मानेतले छर्रे, म्हणजे बेअरिंगच्या बारीक गोळ्या, अंगणभर उधळले. ज्वारीच्या दाण्यांसारखे. "धरा, धरा!" अतुल ओरडला. मी, आत्याबाई, कोंबड्या, सगळेच धावलो. यशीला मी क्षणभर खाली ठेवलं होतं, तीही रांगत निघाली. तिचे गाल जरा फुगलेले वाटले म्हणून मी बोट घातलं, तर जिभेखाली छर्रा. काढला तर भोंगा पसरला, जसा मीच तिच्या तोंडचा घास काढला.

"पाय ना," आत्याबाई म्हणाल्या, "लोखंड खाऊन राह्यली पोट्टी. तुमी दोघं बापलेक गाडी जोडा, घर मोडू द्या."

मानेच्या नळीतल्या वाट्या, ज्यात ते छर्रे फिरतात, त्यांच्यात खड्डे पडले होते. बैलानं ओढलं तेव्हा छर्रे वाटीत रुतले होते. म्हणून हँडल मधेच अडत होतं. आणि चिमटा पिळलेला, ओल्या धोतरासारखा.

मामाजी उठले, चिमटा उचलून उन्हात धरून पाहिला. "लिंबाच्या बेचक्यात घालून ओढला तं सरळ व्हईन."

"बाबाले म्हन, झालं तेवढं ओढनं बस झालं," अतुल मला म्हणाला.

मी हे पुढं सांगितलं नाही. ते तीन हातांवर उभे होते, त्यांनी ऐकलं होतं. चिमटा हळूच खाटेवर ठेवून ते गोठ्यात गेले.

मंगळवारी सकाळी ओट्यावर अकराऐवजी सहा घरं आली. मला वाटलं, कालचा उशीर. मग इंदूबाई आली, तिच्या हातात भरलेली बरणी होती पण ती तिनं कॅनीवर आणली नाही. इंदूबाई आमच्या महिला मंडळाची. हातभट्टीची मडकी तिनं स्वतःच्या हातानं फोडलीत, पोलिसांच्या आधी.

"दीपमाला, बाई, मी तुह्या तोंडावर सांगतो. प्यालेल्याच्या कॅनीत मी दूध टाकत नाही."

"कोन प्यालेला?"

"कोन म्हंजे? गाडी कोनं पाडली?"

मला आधी समजेच ना. "यायनं नाही पाडली, इंदूबाई. हे तं नाल्यावर होते."

"मंग तुह्या सासऱ्यानं खोटं सांगितलं काय पानठेल्यावर? पोराच्या हातून झालं म्हने. कोनीतरी म्हनलं, दिवसाच चढवली काय, तं नागोराव काही बोललाच नाही. बाप जवा गप्प बसते, तवा समजून घ्यावं." तिनं बरणीचं झाकण दाबलं. "बाबुलाल येतेच आता. वाईट वाटून नको घेऊ."

मी दूध मोजत उभी राहिले. माप सांडत होतं. सहा घरांतल्या दोन बाया एकमेकींकडं पाहून मुकाट्यानं बाजूला झाल्या.

अतुल चिमटा पोत्यात गुंडाळून, कॅनी घेऊन जीपमधून मारेगावला निघायच्या बेतात होता. त्याला सांगितलं. तो पोत्याला गाठ मारत राहिला.

"म्हनू दे."

"म्हनू दे? लाइन चालली आपली! तुमी थेंब घेत नाही, सांगत काहून नाही लोकाईले?"

"काय सांगू? ज्याच्या हातानं पाच गावचे बैल मानसात आले त्यानं फटफटीले बैल बांधला, हे सांगू? पोळ्याले कोन बोलावन त्याले मंग? वेसन घालाले कोन येईन?" तो पोतं खांद्यावर घेऊन थांबला. "तो एकच तं मान हाय त्याले."

"अन् तुमाले?"

"मी लेक हाओ त्याचा."

 जीपनं धूळ उडवली आणि गेली.

चिमटा मारेगावला किसनसिंगच्या दुकानात गेला. किसनसिंग तांड्यावरचा, जुना मिस्त्री. त्यानं प्रेसमध्ये घालून पाइप सरळ करून दिले, नव्या वाट्या आणि नवे छर्रे पुड्यात बांधून दिले, आणि सांगितलं म्हणे, की वाटी ठोकताना लाकूड मधे धर, चारी बाजूनं थोडं थोडं, घाई नको. अतुलनं हे मला जसंच्या तसं सांगितलं. मग हातोडी घेतली, लाकूड मधे धरलं नाही आणि घाई केली. त्याचा तरी काय दोष. मंगळवारचं अर्धं दूध परत आलं होतं, आणि जाताना बाबुलालनं त्याला विचारलं होतं, "कॅनी विकायच्या का गा?"

तिसऱ्या ठोक्याला वाटीची कड उडाली.

अतुलनं हातोडी भिंतीवर फेकली. भिंतीचा पोपडा यशीच्या पाळण्यावर पडला. तेव्हा मी पहिल्यांदा ओरडले. कोणावर ते मलाही नीट कळलं नाही. वाटीवर, हातोडीवर, बोंडअळीवर, म्हशीच्या शेपटीवर. आत्याबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, यशीला उचललं आणि म्हणाल्या, "ओरड, ओरड. सगळ्यायचं मिळून तूच ओरड." मामाजी खाटेवर होते. माझा आवाज त्यांनी घरात पहिल्यांदाच ऐकला असेल. ते उठले, भिंतीजवळ जाऊन हातोडी उचलली, दांडा सुटला होता तो दगडावर आपटून बसवला आणि गाडीजवळ ठेवून परत गेले.

बुधवारी ओट्यावर कोणीच आलं नाही. आमच्या म्हशीचं दूध तेवढं. सगळ्या बाया बाबुलालच्या गाडीभोवती, दहा पावलांवर. त्या माझ्याकडं पाहत नव्हत्या, आणि मुद्दाम पाहत नव्हत्या हे मला दिसत होतं. बाबुलाल मोठ्यानं माप म्हणत होता.

दुपारी किसनसिंग स्वतः आला. त्याला मुकुटबनला जायचं होतं, अतुलचा निरोप मिळाला होता म्हणून वाटेत नवी वाटी घेऊन उतरला. अंगणात गाडीचं धड दगडावर टेकवलेलं, मुंडकं नसल्यासारखं. त्यानं बॅग उघडली, चहा नको म्हणाला आणि दोन ठोक्यांत वाटी बसवली. खरंच, दोन. अतुल पाहतच राहिला. मग ग्रीस भरलं, ग्रीसमध्ये एकेक छर्रा चिकटवत गेला, जसं कोणी मण्यांची माळ ओवावी. मामाजींना म्हणाला, "काका, गाडीची मान धरा जराशी. हालू देऊ नका." मामाजींनी धरली. मग त्यानं खालून चिमटा घातला, वरून नट फिरवला. हँडल हातात घेऊन इकडं तिकडं सोडलं. ते आपल्या वजनानं एका बाजूला गेलं, दुसऱ्या बाजूला गेलं. अडलं नाही.

"ढिला ठेवला तं ब्रेकवर खटखट करते, जास्त आवळला तं गाडी दारू पिल्यावानी लुडकते," तो म्हणाला. दारू हा शब्द अंगणात पडला तसं मी मामाजींकडं पाहिलं, ते गाडीच्या मानेकडं पाहत होते. किसनसिंगला काय माहीत. तो हँडल पुसत होता, पुसता पुसता थांबला.

"अतुलभाऊ, पडली म्हने ना गाडी?"

"हाव."

"झूट बात." तो हसला. "पडलेल्या गाडीची दांडी वाकते, लेगगार्ड दबते. तुही लेगगार्ड मातीनं घासली, दबली नाही. चिमटा समोरून मार खाऊन मागं नाही गेला, मुरगाळला हाय. अन् हे पाय." हँडलच्या नळीवर, रबराच्या आतल्या बाजूला, गोल चकचकीत घासलेली रेघ होती. "दाव्याचा वळ हाय हा. इले कोनंतरी बांधून ओढलं."

गाडीची मान अजून मामाजींच्या हातात होती. सोडायची तर काम झालं नव्हतं.

"ट्रॅक्टरनं ओढली असन," अतुल म्हणाला.

किसनसिंगनं त्याच्याकडं पाहिलं, मामाजींकडं पाहिलं, गोठ्याकडं पाहिलं. चांद्या रवंथ करत होता. "असन बाप्पा," तो म्हणाला आणि नट अर्धा आटा आवळला.

तो गेल्यावर मी गोठ्यात गेले. मामाजी चांद्याच्या नाकावर हळद लावत होते. मी पदर डोक्यावर ओढला, आणि तरी बोलले.

"मामाजी, मी पाह्यलं होतं. तवाच बोलाले पायजे होतं, नाही बोलली. आता उद्या सकाळी दुधावर मी सांगतो, बैल मी बांधला होता म्हनून."

त्यांचा हात थांबला नाही.

"बाईमानूस, हिले काय समजते, म्हनतीन. हसतीन. हसू द्या. माही काय इज्जत जाते बैलाच्या कामात? मले कोन बोलावते वेसन घालाले?"

 चांद्यानं मला पाहून फुसकारा सोडला, मी दोन पावलं मागं आले.

"पोट्टी रडून राह्यली," ते म्हणाले. "जाय."

यशी रडत नव्हती. आत्याबाईंच्या मांडीवर झोपली होती. पण मी गेले.

गुरुवारी सकाळी अतुलनं गाडी ओट्याजवळ लावली. गाडी सरळ उभी होती, चाक सरळ, हँडल सरळ, पुसून चकचकीत केलेली, आणि रिकाम्या कॅनी दोन्ही बाजूंना पालथ्या. दहा पावलांवर बाबुलाल. बाया तिकडं. अतुल जमिनीकडं पाहत होता. माझ्या कडेवर यशी. मी तिला अतुलच्या हातात दिलं आणि सरळ बायांत गेले.

"इंदूबाई, गाडी यायनं पाडली नाही. चांद्यानं ओढत नेली. चांद्याले मी बांधलं होतं, हँडलले. मले समजलं नाही."

 इंदूबाईनं बरणी ओट्यावर ठेवली.

"तू? चांद्याले?"

"हाव."

ती माझ्याजवळ आली. मला वाटलं, रागावेल. तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि ते जास्त वाईट होतं.

"नवऱ्यापायी बाई काय काय आपल्या अंगावर घेते, थे मले नको सांगू, माय. मीबी सांगत होती लोकाईले, न्हानीत पाय घसरून पडली म्हनून. वीस वर्सं घसरतच होती मी."

 आता मी जितकं बोलेन तितका अतुल दारूत बुडणार होता, हे मला दिसत होतं. बाबुलालनं माप उचललं. "चाला बाया हो, उन निघून राह्यलं."

"थे काय बांधन?"

आवाज मागून आला. मामाजी. खांद्यावर दुपट्टा, हातात काहीच नाही. बैलाशिवाय चालताना ते जरा वाकडेच दिसतात.

"चांद्या तिले दहा हाताच्या अंदर येऊ देत नाही, अन् थे बांधन? तुमी आयकून कशा घेता? गावात राह्यता का मुंबईले?" ते खरंच चिडले होते, बायांवर. "मी बांधला."

"तुमी?" इंदूबाई म्हणाली.

"हाव, मी. खुंटा घरी इसरलो. दोन येढे हँडलले देले, अन् वरतून अडगाठ." त्यांनी हवेत हात फिरवून गाठ मारून दाखवली, दोन्ही हातांनी ओढून घट्ट केली. "इनं बांधला असता तं पहिल्या झटक्यात सुटला असता बैल. गाडी तिथीच उभी राह्यली असती. माही गाठ सुटत नसते. पाच गावात पुसा."

पहिल्यांदा कोणाला समजलं नाही. मग ओळीतल्या एका बाईनं फिस्स केलं, आणि मग सगळा ओटा हसला. "नागोरावनं फटफटीले बैल जुंपला वं!" "वखरन करत होता काय गा?" "आता पोळ्याले फटफटीले बाशिंग बांधा!" इंदूबाईनं पदर तोंडात घातला होता, तिचे खांदे हलत होते. मामाजी उभे. हसणं अंगावर पडत होतं आणि ते त्याच्याखाली मान न हलवता उभे होते, जसं पावसात जनावर राहतं. मला धावून जाऊन सगळ्यांची तोंडं दाबावीशी वाटत होती. चार दिवस मी याच माणसावर दात खात होते.

इंदूबाईनं डोळे पुसले. मग तिचा चेहरा बदलला.

"अन् पोराच्या तोंडाले दारू काहून लावली मंग?"

हसणं थांबलं.

"मी नाही लावली," मामाजी म्हणाले. "कोनीतरी म्हनलं. मी 'नाही' म्हनलो नाही."

"थेच थे."

मामाजींनी अतुलकडं पाहिलं नाही. यशी त्याच्या कडेवरून आजोबाकडं हात करत होती, तिच्याकडंही पाहिलं नाही.

"हाव," ते म्हणाले. "थेच थे."

इंदूबाईनं बरणी उचलली आणि दहा पावलं चालून आली. झाकण उघडलं. मी माप धरलं. तिचं झाल्यावर दुसरी आली, मग तिसरी. तीन घरं बाबुलालकडंच राहिली, त्यांनी आधीच ओतलं होतं, आणि ओतलेलं दूध कोणी मागत नाही. बाबुलालनं गाडीला किक मारली. या वेळी हॉर्न वाजवला नाही.

डावी कॅन भरली. मी झाकण दाबलं. ती उचलून आकड्याला अडकवायची तर एकाच बाजूचं वजन पडून हँडल वळतं, गाडी झुकते. एरवी मी पुढून धरते. आज माझ्याआधी मामाजी पुढं आले, दोन्ही पाय रोवून चाक गुडघ्यांत धरलं आणि हँडल मुठीत घेतलं. अतुलनं यशी माझ्याकडं दिली. डावी कॅन अडकवली, मग उजवी. गाडी दोन्हीकडून दबली, सरळ झाली. तो बसला, किल्ली फिरवली.

मामाजींनी हँडल धरलेलंच होतं.

"सोडा, बाबा," अतुल म्हणाला. चार दिवसांत पहिल्यांदा, माझ्याकडं न बघता.

"सोडू?"

"सोडा."